इंजेक्शनआधी नमुना! शेळीपालन, डेअरी किंवा पोल्ट्री सुरू करणाऱ्यांनी आजार कसा ओळखायचा?



माझं बिबवेवाडीत दुधाचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. इथे शहरात शेळ्या-गायी कोण पाळणार? पण माझ्या प्रत्येक बॅचमध्ये चार-पाच जण तरी असे असतातच, ज्यांची गावाकडे दोन एकर जमीन आहे, आई-वडील तिथे आहेत आणि "मॅडम, शेळीपालन करू का?" हा प्रश्न तयार आहे. मी त्यांना आधी एकच विचारते. "पहिली शेळी आजारी पडली की सगळ्यात आधी काय करणार?"

दहापैकी नऊ जण म्हणतात, "इंजेक्शन देणार."

मीही हेच म्हणाले होते. त्याचं काय झालं ते आधी सांगते, मग मुद्द्यावर येते.

आमच्या अकरा शेळ्यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे दीर, आम्ही दोघांनी मिळून सासरच्या गावी वीस शेळ्या घेतल्या होत्या. निम्मे पैसे माझे. निम्मे दिरांचे, आणि त्यासाठी जाऊबाईंनी आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. दिवाळीच्या आधी बाजारातून आणखी चार शेळ्या स्वस्तात मिळाल्या. आणल्या आणि सरळ गोठ्यात बांधल्या.

पाच-सहा दिवसांनी एका नव्या शेळीच्या नाकातून पाणी यायला लागलं. डोळ्यांत चिपडं, खाणं बंद. दिरांचा फोन आला. मी दुकानात बसून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "भावजी, थंडी पडलीय, सर्दी असेल." औषधाच्या दुकानातून इंजेक्शन आणून टोचलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन शेळ्या तशाच. मग हगवण, तोंडात फोड. पुन्हा इंजेक्शन, या वेळी भारी कंपनीचं. आठ-दहा दिवसांत अकरा शेळ्या गेल्या. साडेसात हजाराच्या भावाने धरल्या तरी ब्याऐंशी हजार पाचशे रुपये.

पशुवैद्यकीय डॉक्टरांना आम्ही बोलावलं ते सातव्या शेळीनंतर. त्यांनी नाकाचे स्वॅब आणि रक्त घेऊन पाठवलं. रिपोर्ट आला: पीपीआर. हा विषाणूचा आजार आहे. त्यावर थेट औषध नाही, पण लस आहे, आणि ती एकदा नीट दिली की साधारण तीन वर्षं संरक्षण देते. आमच्या एकाही शेळीला ती दिलेली नव्हती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याच आठवड्यात, "बरे दिसतायत तोवर विकून टाका" म्हणून आम्ही दोन बोकड शेजारच्या वाडीत विकले होते. तिथल्या शेळ्यांनाही लागण झाली. आमचं नुकसान वहीत लिहिता आलं. त्यांचं नुकसान कुठे लिहायचं?

आजचा सगळा लेख त्या एका फोनबद्दल आहे. मी "सर्दी असेल" म्हणाले, तिथे मी काय म्हणायला हवं होतं?

नुसतं बघून का कळत नाही?

कारण वेगवेगळे आजार वरून सारखेच दिसतात.

शेळीचं नाक वाहतंय, ताप आहे, धाप लागलीय. हे जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियातही होतं आणि पीपीआरमध्येही. हगवण आंत्रविषारात होते, पीपीआरमध्ये होते आणि नुसत्या जंतांमुळेही होते. तोंडातले फोड मावा या आजारातही येतात.

कोंबड्यांचं तर आणखी अवघड. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतल्या कोंबड्या मोठ्या संख्येने मरायला लागल्या, तेव्हा सुरुवातीला रानीखेत म्हणजे मानमोडी असावी असाच समज होता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि निघाला एच५एन१ बर्ड फ्लू, भारतातला पहिला. त्यानंतर लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. चिकन-अंड्यांची मागणी अशी कोसळली की नवापूरपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पोल्ट्रीवाल्यांनाही फटका बसला. रानीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक अनुभवी माणसालाही डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

विषाणू की जिवाणू? फरक थेट खिशाला लागतो

सोपं करून सांगते.

जिवाणूंचे आजार: घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार, फाशी, सांसर्गिक गर्भपात, आणि बहुतेक वेळा कासदाह. यातल्या काहींवर अँटिबायोटिक लागू पडतं, पण योग्य औषध, योग्य डोस आणि वेळेवर दिलं तरच.

विषाणूंचे आजार: पीपीआर, लाळ्या खुरकूत, लम्पी, देवी, रानीखेत, बर्ड फ्लू. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. अशक्त जनावराला वरून जिवाणूंची लागण होऊ नये म्हणून डॉक्टर कधी कधी ते देतात, पण तो निर्णय त्यांचा. आपला भर लसीवर, आणि लागण झालीच तर आजारी जनावर वेगळं बांधण्यावर.

म्हणजे चुकीचा अंदाज केला की दोनदा नुकसान. औषधाचे पैसे जातात आणि त्याहून मोलाचे असलेले पहिले तीन-चार दिवस जातात.

पायरी १: आजार लवकर पकडा

यासाठी डॉक्टर लागत नाही. एक थर्मामीटर आणि एक वही लागते.

- शेळीचं नेहमीचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं, गायीचं १०१ ते १०२.५ च्या आसपास. गुदद्वारात थर्मामीटर धरून मोजायला डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. बऱ्याच साथीच्या आजारांत बाकी लक्षणांच्या आधी ताप येतो.
- रोज सकाळी चारा टाकताना कोण पुढे आलं नाही ते बघा. खाणं, रवंथ, शेण-लेंडी, नाक, डोळे, चाल. दोन मिनिटांचं काम आहे.
- दुभत्या जनावराचं दूध रोज लिहा. एकदम दोन लिटर कमी झालं तर काहीतरी बिनसलंय.
- नवीन जनावर किमान २१ दिवस वेगळं बांधा. भांडी वेगळी, आणि त्यांना चारा सगळ्यात शेवटी घाला. आम्ही एवढं केलं असतं तर आजार त्या चार शेळ्यांतच अडकला असता.

पायरी २: औषधाआधी नमुना

एकाच वेळी दोन-तीन जनावरं सारखीच आजारी दिसली किंवा अचानक मरतूक झाली, तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा आणि स्पष्ट विचारा, "डॉक्टर, नमुना पाठवायचा का?" लाजू नका. नमुना डॉक्टरच घेतील, पण मालक म्हणून तुम्हाला चार गोष्टी माहीत हव्यात.

एक, वेळ. जिवाणू वाढवून बघायचे असतील तर नमुना अँटिबायोटिक देण्याआधी घ्यावा लागतो, नाहीतर आजार असूनही जिवाणू सापडत नाहीत. विषाणूसाठी सुरुवातीचे तापाचे दिवस सगळ्यात चांगले. म्हणून मरायला टेकलेल्या शेळीबरोबरच नुकताच ताप आलेल्या शेळीचाही नमुना घ्यायला सांगा.

दोन, नमुना कशाचा. पीपीआरचा संशय असेल तर नाक-डोळ्यांचे स्वॅब आणि रक्त. लम्पीत गाठीवरची खपली आणि रक्त. कासदाहात दूध, तेही कास धुऊन, पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन डॉक्टरांनी ठरवलं तर ते जितक्या लवकर होईल तितकं बरं, कारण सडलेल्या शरीरातून फारसं काही कळत नाही.

तीन, थंडावा. थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या. रक्ताची बाटली फ्रीझरमध्ये ठेवून गोठवू नका. जिवाणू तपासायचा नमुना फॉर्मॅलिनमध्येही घालायचा नाही. त्यात जंतू मरतात, मग प्रयोगशाळा वाढवणार काय?

चार, माहिती. एकूण जनावरं किती, आजारी किती, मेली किती, लस कधी दिली, कोणतं औषध दिलं, नवीन जनावर कधी आणलं. इथे ती वही कामाला येते. दिलेलं औषध लपवू नका.

पायरी ३: प्रयोगशाळेत काय होतं?

रिपोर्ट हातात आल्यावर गोंधळ होऊ नये म्हणून थोडक्यात सांगते.

रक्ताचा एक थेंब काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. घटसर्प, फाशी, गोचिडांमुळे होणारे काही ताप यात लवकर दिसू शकतात. कल्चरमध्ये जिवाणू वाढवतात, त्याला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात, पण सोबत कोणतं अँटिबायोटिक चालेल हेही तपासता येतं. एलायझा या चाचणीत जंतूचा अंश किंवा त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधतात. पीसीआर तर कोरोनामुळे सगळ्यांना पाठ आहे. तीच पद्धत, इथे पीपीआर किंवा लम्पीच्या विषाणूसाठी.

यात एक खाच आहे. प्रतिपिंडं लसीमुळेही तयार होतात. म्हणजे लस दिलेली शेळी 'पॉझिटिव्ह' आली तर ती आजारीच आहे असं नाही. आणि 'निगेटिव्ह' म्हणजे सगळं ठीक असंही नाही. नमुना उशिरा घेतला असेल किंवा उन्हात राहिला असेल. म्हणून रिपोर्ट स्वतः वाचून निर्णय घेऊ नका, डॉक्टरांसोबत वाचा.

डेअरीवाल्यांसाठी दोन स्वस्त चाचण्या

कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे सीएमटी. चार खणांची प्लास्टिकची ताटली असते. चारही सडांचं थोडं थोडं दूध वेगवेगळ्या खणात, त्यात तितकंच द्रावण, आणि हलकेच गोल हलवायचं. दूध घट्ट, जेलसारखं झालं तर त्या सडात सुप्त कासदाहाची शक्यता. बाहेरून कास चांगली दिसत असतानाही हे कळतं.

दुसरी, गाय विकत घेण्याआधी सांसर्गिक गर्भपाताची रक्तचाचणी. हा आजार माणसालाही होतो, कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराचा जार उघड्या हाताने हाताळल्याने. ऐंशी हजाराची गाय घेताना या चाचणीचा कंटाळा करू नका.

आणि दुधाचं दुकान चालवणारी म्हणून एक विनंती. अँटिबायोटिक दिलेल्या जनावराचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस विकू नका. ते कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं.

इथे मात्र हात लावायचा नाही

धडधाकट जनावर अचानक मेलं, पोट फुगलंय, नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय. अशा वेळी फाशीचा संशय धरा. ते कापू नका, कातडं काढू नका, कुत्र्यांना मिळू देऊ नका. शरीर उघडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकतात. माणसालाही हा आजार होतो. डॉक्टरांना कळवा. ते कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात आणि विल्हेवाट कशी लावायची ते सांगतात.

जायचं कुठे?

आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. त्यावर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. पुणेकरांचं नशीब असं की राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आपल्याच शहरात, औंधला आहे. पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळाही तीच. बिबवेवाडीतून औंध म्हणजे शहराचं दुसरं टोक, पण शेजारच्या राज्यांतूनही जिथे नमुने येतात तिथे आपल्याला जायला हरकत काय? डॉक्टरांचं पत्र घेऊनच नमुना न्या, आणि फी, वेळ फोनवर आधी विचारून घ्या. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांकही सेव्ह करून ठेवा.

साथीचा आजार कळवला तर आपलाच धंदा बंद पाडतील, ही भीती मला बॅचमध्ये नेहमी ऐकू येते. दोन गोष्टी लक्षात घ्या. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ठरावीक साथरोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे. आणि नोंद असली तरच मदत मिळते. २०२२ मध्ये राज्यात लम्पीची साथ आली तेव्हा सरकारने मृत गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत जाहीर केली होती. आजाराची नोंदच नसेल, तर मदत मागणार कशाच्या जोरावर?

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही ओळ लिहा

बीबीएला मला ब्रेक-इव्हन शिकवला, खेळतं भांडवल शिकवलं. आमच्या शेळीपालनाच्या कागदावर शेड होतं, चारा होता, मजुरी होती. 'लस आणि तपासणी' ही ओळच नव्हती. तुमच्या कागदावर ती घाला. त्यात लसीकरण, जंतांसाठी लेंडी तपासणी, थर्मामीटर, बर्फाचा डबा, नवीन जनावरांसाठी वेगळा निवारा आणि विमा, एवढं धरा. बँकेसाठी नको, स्वतःसाठी धरा.

जाऊबाईंच्या पाटल्या सोडवायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आता गोठ्यात पुन्हा सोळा शेळ्या आहेत, सगळ्यांना पीपीआरची लस दिलेली. तापमानाची वही जाऊबाईच लिहितात. मागच्या महिन्यात एका शेळीचं नाक वाहत होतं, तर त्यांचाच फोन आला. "ताप एकशे चार आहे. वेगळी बांधलीय. डॉक्टरांना फोन केलाय. तुला फक्त कळवतेय."

त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं, ते मला असं कळलं.

तुमचा गोठा किंवा शेड सुरू असेल, तर आजच वहीचं पहिलं पान लिहा: प्रत्येक जनावराला शेवटची लस कधी दिली? ज्या ओळीपुढे तारीख आठवत नाही, तिथून सुरुवात करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. विषय आहे पशुविमा, त्याची कागदपत्रं आणि दावा कसा करायचा.