येडा म्हणजे नक्की कोण?

कळसाडीच्या कट्ट्यावर तासभर बसा आणि 'येडा झाला का?' किती वेळा ऐकू येतं ते मोजा. बोटं पुरणार नाहीत. पेपर अर्धा सोडून आला तो येडा, भर उन्हात क्रिकेट खेळतो तो येडा, आणि कुणासाठी शहाद्याला चकरा मारतो तो तर ठार येडा!

आता 'वेडा'चा 'येडा' झाला म्हणून कुणी अशुद्ध म्हटलं तर ऐकू नका. वेळची येळ होते, वेगळ्याचं येगळं होतं, तसंच हे. बोलीचा नियमच आहे तो. आणि वेड फक्त डोक्यात नसतं बरं का. अक्षर 'वेडंवाकडं' असतं, तेव्हा अक्षराला काही भ्रम झालेला नसतो. 'वेडावून दाखवणं' म्हणजे तर नुसतं तोंड वाकडं करणं. 'वेड पांघरून पेडगावला जाणं' हा चक्क हुशारीचा प्रकार. हे पेडगाव नगर जिल्ह्यात भीमेकाठी खरोखर आहे.

या शब्दाचे भाऊबंद आणखी मजेदार. 'पिसा' आला पिशाचावरून, म्हणजे भुताने धरलेला. 'बावळा' आला संस्कृत 'वातुल'वरून, म्हणजे वात झालेला. हिंदीतला बावला आणि बंगालचे बाउल त्याच घरातले मानतात. इंग्रजी 'ल्युनॅटिक'मध्ये तर लूना, म्हणजे चंद्र बसलाय. भूत, वारा, चंद्र... माणूस सोडून सगळ्यांवर खापर! हाच चंद्रवाला शब्द आपल्याकडे 1912 च्या कायद्यात होता. 1987 च्या कायद्याने तो काढला. 2017 चा कायदा 'मानसिक आजार' म्हणतो आणि उपचार हा हक्क मानतो.

गावात मात्र कायदा बदलला तरी शब्द तोच राहिला. 2022 मध्ये रितेश देशमुखचा 'वेड' आला, तेव्हा तेच वेड स्टेटसवर मिरवलं आपण. पण मित्राला महिनाभर झोप नाही, कुणाशी बोलत नाही, तर डॉक्टरकडे चल म्हटल्यावर तो पहिलं काय म्हणतो? 'मी काय येडा आहे का?' त्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, मनोरुग्णालयांची ही जुनी गावं नंदुरबारपासून लांब. 'येरवड्याला पाठवा' हा तर जोकच झालाय.

अशा मित्रासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे: 14416. फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा.