चहाच्या कपात वजन किती?

आमच्या भूमला दुधाला तोटा नाही. तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचा पेढा दूरवर ठाऊक आहेत. अशा मुलखात चहा म्हणजे दूध, साखर आणि रंगापुरती पत्ती! म्हणून कुणी मला म्हणालं, 'अमका चहा प्या, पोट उतरेल', की मी विचारतो, त्यात काय काय आहे?

काळा चहा, हिरवा चहा, ऊलाँग ही एकाच जातीच्या झाडाची लेकरं. खुडलेलं पान हवेत पुरतं काळवंडू दिलं की काळा चहा; लगेच उष्णता देऊन ते थांबवलं की हिरवा; मध्येच थांबवलं की ऊलाँग. हिरव्या चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं जास्त टिकतात. ती आणि कॅफिन मिळून शरीराचा ऊर्जेचा खर्च किंचित वाढवतात. हा 'किंचित' मात्र विसरू नका. २०१२ साली कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी हिरव्या चहावरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले. वजनातला फरक इतका थोडा निघाला, की वैद्यकीयदृष्ट्या त्याला महत्त्व नव्हतं.

परसातला गवती चहा तर चहा नव्हेच, ते सुगंधी गवत आहे. आलं, तुळस, दालचिनी यांचा काढा घशाला बरा वाटतो. पण त्यानं चरबी वितळत नाही.

आता हिशेब करू. एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, २० कॅलरी. कपात दोन चमचे आणि दिवसाला सहा कप धरले, तर ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी. साधारण एका मोठ्या भाकरीइतक्या, आणि पोट मात्र रिकामंच! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेली मर्यादा, दिवसाला २००० कॅलरींचा आहार धरला तर, सुमारे ५० ग्रॅमची आहे. २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. म्हशीच्या दुधाची साय वेगळीच. गुळाच्या चहाची सध्या चलती आहे. पण गुळातही जवळपास साखरेइतक्याच कॅलरी असतात.

खरा धोका 'बारीक करणाऱ्या' काही पुड्यांत असतो. त्यांत सोनामुखी असेल तर जुलाब होतात. काटा खाली येतो तो पाणी गेल्यामुळे. चरबी जागच्या जागीच राहते. रोज घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं, आणि ते हृदयाला घातक ठरू शकतं. पुडीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय ती घरात आणू नका.

आणखी एक. जेवणाऐवजी चहा पिऊन दिवस काढणाऱ्या आयाबहिणी मी पाहतो. चहानं भूक मरते, पण अंगाला काही लागत नाही. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा टाळायला सांगितलं. रक्त कमी असणाऱ्यांनी हे जरूर पाळावं.

मग करायचं काय? दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा साखर कमी करा. जिभेला चुटपूट लागणार नाही. दिवसातला एखादा चहा कोरा, फिका घ्या. त्याबरोबरची खारी, बिस्किटं आवरा. पाहुण्याघरी चहाला नाही म्हणवत नाही, हे मलाही कळतं. तिथं बेलाशक म्हणा, 'अर्धा कप, बिनसाखरेचा!' मान राखला जातो, आणि तब्येतही.