घरचा आड : ट्रस्टच्या रजिस्टरांसाठी चालविलेला सर्व्हर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही शिक्षणाविषयी लिहावे, अशी संपादक-मंडळाची अपेक्षा होती. परंतु अलीकडे भेटेल तो सभासद आम्हांस निराळेच विचारतो : “मास्तर, ट्रस्टची जुनी रजिस्टरे तुम्ही घरच्या संगणकात ठेवली आहेत म्हणे. म्हणजे काय केले आहे?” तेव्हा त्याचेच उत्तर येथे देतो.

बेळगावातील जुन्या घरांच्या परसात आड असे. पुढे नळ आले आणि कित्येक आड बुजले. नळाला कष्ट नाहीत. मात्र पाणी केव्हा सोडावे व पट्टी किती घ्यावी हे दुसरा ठरवितो. आपली छायाचित्रे, पत्रे व हिशेब आपण आज अशाच नळावर सोपविले आहेत. हवी तितकी छायाचित्रे फुकट ठेवण्याची सोय ‘गूगल फोटोज’ने १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा अनेकांना हे प्रथम जाणवले.

रजिस्टरांच्या बाबतीत अडचण पैशांची नव्हती. कोणत्या घरी शिष्यवृत्ती गेली, कोणाच्या मयताचा खर्च ट्रस्टने उचलला, हे सारे त्यांत मराठीत व उर्दूत नावानिशी लिहिलेले आहे. मदत घेणाऱ्याचे नाव चारचौघांत होऊ नये, हा आपल्या संस्थेचा पहिल्यापासूनचा दंडक. कागदाला कसर लागली म्हणून पानांची छायाचित्रे घेणे भाग होते; पण ती परक्याच्या संगणकावर ठेवावीत हे कार्यकारिणीला रुचेना, आणि आम्हांलाही रुचले नाही.

सर्व्हर म्हणजे काही अजब यंत्र नव्हे. इतरांनी मागितलेली वस्तू पुरविण्यासाठी अहोरात्र जागा ठेवलेला संगणक, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही आरंभी घरातला जुना डेस्कटॉप लावला आणि विजेचे बिल पाहून चपापलो. ६० वॉटचे यंत्र अखंड चालले तर महिन्याला ४३ युनिटे जळतात. १० वॉटच्या लहान यंत्राला सातच पुरतात. मग ‘रास्पबेरी पाय’ घेतला. केंब्रिजमध्ये रचना झालेला आणि २०१२ मध्ये प्रथम विक्रीस आलेला हा संगणक तळहातावर मावतो. त्याला दोन हार्ड डिस्क जोडल्या आणि एक यूपीएस. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहून बिघडते.

यंत्रावर लिनक्स आहे, आणि त्यावर ‘नेक्स्टक्लाउड’ नावाचा, २०१६ पासून चालत आलेला, मोफत व खुला प्रोग्रॅम. त्यामुळे फोनवरून फाइल ठेवता-काढता येतात. घरच्या छायाचित्रांसाठी ‘इमिच’ आणि गाणी-चित्रपटांसाठी ‘जेलीफिन’ही आहे, मुलांच्या लेखी सर्व्हर म्हणजे तेवढाच. ई-मेल मात्र घरून चालविण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. घरगुती पत्त्यावरून निघालेली पत्रे मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर बहुधा कचऱ्यात टाकतात.

खरी गाठ पुढे पडते. राउटर घरातील यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो. ते उंबऱ्याच्या आतच चालतात. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, म्हणजे माणसांहून कमी. म्हणून पुष्कळ घरांमागे मिळून एकच पत्ता दिला जातो, आणि बाहेरून आलेल्या हाकेला आपले घर सापडत नाही. आम्ही मासिक आकार भरून स्वतंत्र पत्ता घेतला. पण पत्ता मिळाला म्हणून दार सताड उघडे टाकायचे नसते. इंटरनेटवर उघडी दारे शोधीत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यासाठी ‘वायरगार्ड’ आहे. २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यातच घेतला गेला. ज्याच्या फोनमध्ये आपण किल्ली घातली आहे त्यालाच तो आत घेतो. इतरांना तो “कोण आहे?” असेही विचारीत नाही, तेथे दार आहे हेच त्यांना कळत नाही.

आता आमची फजिती सांगतो. दोन डिस्कांवर एकच मजकूर उमटत असल्याने आम्ही निश्चिंत होतो. एका रात्री जागा मोकळी करताना आम्ही रजिस्टरांचाच फोल्डर पुसून टाकला. आरशासमोर टोपी काढली की आरशातलाही टोपी काढतो, तसे दुसऱ्या डिस्कवरूनही ते त्याच क्षणी गेले. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडते. माणूस बिघडला तर नाही! सुदैवाने हुबळीस आमच्या बहिणीच्या घरी तिसरी, परवलीच्या शब्दाने बंद केलेली प्रत होती. ती महिन्यातून एकदा ताजी करावयाची. परंतु परीक्षेचे पेपर तपासण्याच्या गडबडीत तो महिना चुकला होता. मधल्या काळात घेतलेली पाने पुन्हा घ्यावी लागली, आणि त्यांतील काहींच्या कडा दरम्यान झडल्या होत्या. त्या कडांवरचे आकडे आता कोठेच नाहीत.

हे ऐकून आमचे वयोवृद्ध खजिनदार एवढेच म्हणाले, “मास्तर, अल्ला तुम्हांला उदंड आयुष्य देवो. पण हे सगळं तुमच्याच डोक्यात आहे. उद्या तुम्ही नसलात तर आम्ही कोणाचं दार वाजवायचं?” आम्ही निरुत्तर झालो. कंपनीच्या नळाला निदान कंपनी तरी असते.

मग आम्ही सारी कृती चार पानांवर हाताने लिहिली आणि लखोटा मोहोरबंद करून ट्रस्टच्या लोखंडी कपाटात ठेवला. चिटणीसांच्या बी.कॉम. झालेल्या कन्येला तो फोडावयास दिला, आणि आम्ही मुद्दाम बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. तासाभराने ती हसत बाहेर आली. हुबळीच्या डिस्कचा परवलीचा शब्द लिहावयासच आम्ही विसरलो होतो. लखोटा पुन्हा लिहिला. दुसऱ्या खेपेस चाळीस मिनिटांत ट्रस्टचे पहिले रजिस्टर तिच्या फोनवर उघडले. आता वायरगार्डची एक किल्ली तिच्याकडेही आहे.