केळीची राख आणि भांड्याची ओळख

सावळदा हे जुन्या धुळे जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांना झिलई नाही. मातीचा जाड लेप, तोही जागोजागी तडकलेला, आणि त्यावर काळ्या रंगातली चित्रं. तरी खापर बघून जाणकार म्हणतो, हे सावळद्याचं. ही ओळख येते कुठून?

झिलई म्हणजे काचच. गारेची पूड एकटी वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. राखेतला चुना नि पोटॅश मिसळले की १२५० च्या आसपास काम होतं. जळगावकडे केळीच्या खोडांना काय तोटा! त्या राखेत पोटॅश भरपूर, पण ते पाण्यात विरघळतं. म्हणून राख धुतली की नाही, हे वहीत लिहायचंच. मग काळी माती थोडी थोडी वाढवा. ती सुकताना फार आक्रसते, तेव्हा आधी भाजून दळा. तिच्यातलं लोखंड मधाळ रंगापासून काळ्यापर्यंत नेतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर भट्टीनं उत्तर दिलं ते कुठल्या प्रश्नाचं, कळत नाही.

जपानचे शोजी हामादा माशिकोतलाच दगड नि राख वापरत. पन्नास तुकड्यांतले दोन कुठले ठेवायचे, हे मात्र रसायनशास्त्र सांगत नाही. ते तुकडे महिनाभर खिडकीत ठेवा, रोज बघा.