घोड्यामागचा गाडा

ट्रेलर फरशीवर ठेवला आणि तो मधोमध खाली बसला. पुढे ट्रकला जोडायची किंगपिन, मागे तीन अ‍ॅक्सल, मधे जेमतेम अर्धा मीटर लांबीची मोकळी पाठ, आणि त्या पाठीला करंगळीएवढा झोल. त्यावर अजून काही लादलेलंही नव्हतं. लेगोच्या ठोकळ्यांचा तो माझा पहिला ट्रेलर. ट्रक मात्र झकास झाला होता: केबिनचे दरवाजे उघडत होते, पुढची चाकं वळत होती, मोटर लावली की खोलीभर फिरत होता. ट्रेलर म्हणजे काय, एक लांब फळी आणि तिला चाकं, असं धरून मी तो एका संध्याकाळी उरकला होता. पुढची दोन वर्षं मग त्या फळीतच गेली.

जबलपुरात राहणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं, असं आता वाटतं. हे शहर ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचं आहे. इथला सर्वांत जुना मोठा कारखाना १९०४ चा, गन कॅरेज फॅक्टरी. सगळं गाव तिला जीसीएफ म्हणतं, पण नावाचं मराठी करून पाहा: तोफगाडा कारखाना. म्हणजे तोफेपेक्षा तिच्या खालचा गाडा महत्त्वाचा मानून उभारलेला कारखाना. तोफ रस्त्यावर तोलून कशी न्यायची, झाडल्यावर तिचा धक्का जमिनीत कसा उतरवायचा, हे सारे प्रश्न गाड्याचे. एप्रिल २०१९ मध्ये १५५ मिलिमीटरच्या पहिल्या सहा धनुष तोफा लष्कराच्या हवाली झाल्या, त्याही याच कारखान्यात, आणि धनुष ही ट्रकमागे जोडून न्यायची तोफ आहे.

ट्रकही इथलेच. शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ साली प्रथम जीसीएफमध्ये बनू लागला. १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान तिकडे गेला. त्याच्याबरोबर निसानची एक टनी गाडी आली, जोंगा ही जीप आली. जोंगा या नावातलं पहिलं अक्षर जबलपूरचं आहे, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण ते नाव जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांतूनच आलेलं आहे. पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए हे ट्रक आले. रांझीकडच्या रस्त्यानं जाताना हिरव्या ट्रकांच्या रांगा बघतच इथली मुलं मोठी झाली. त्यामुळे खेळण्यातला ट्रक इथे कुणाला परका वाटत नाही. ट्रेलरकडे मात्र इथेही कुणी वळून पाहत नाही.

नागपूर रस्त्यावर अंधमूक बायपासला थांबलेले लांबलचक ट्रेलर मी पाहू लागलो, ते माझा ट्रेलर वाकल्यानंतर. चालक मंडळी पुढच्या भागाला घोडा म्हणतात. घोडा सुटा करून न्यायचा, मागचा गाडा पायांवर उभा राहतो. त्या उभ्या गाड्याकडे बाजूनं, डोळा खाली आणून पाहिलं की कळतं. काही रिकाम्या ट्रेलरांची पाठ सपाट नसतेच, मधोमध किंचित वर उचललेली असते. माल चढला की ती सरळ व्हावी म्हणून मुद्दाम तशी घडवलेली. खालच्या दोन लांब तुळयाही सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात. घोड्याच्या पाठीवर टेकणारा भाग पातळ, तिथून मागे त्या एकदम खोल होतात. मी केलेली तुळई एका ठोकळ्याच्या उंचीची होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ठोकळ्यांची मापं इथे सांगितली पाहिजेत, कारण सगळं काम त्यांवरच चालतं. लेगोच्या ठोकळ्यावरच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीनं आजच्या ठोकळ्याची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्यावर बसतो. भोकं, दांडे आणि गिअर असलेली टेक्निक मालिका १९७७ ची. आमच्या लहानपणी मेकॅनिक्सच्या पट्ट्या आणि नटबोल्ट असत. त्यात पट्टी हवी तिथे तिरकी आवळता यायची. ठोकळा तशी सूट देत नाही. भोक समोर आलं तर आलं, नाहीतर रचना बदला.

म्हणून पहिला प्रश्न प्रमाणाचा, आणि ते टायरवरून ठरतं, कारण टायर आपल्याला बनवता येत नाही, मिळतो तोच घ्यावा लागतो. माझ्याकडचा टायर ६२.४ मिलिमीटर व्यासाचा. आपल्या मालट्रकचा २० इंची रिमवरचा टायर साधारण १,०५५ मिलिमीटरचा. भागाकार १७ च्या अगदी जवळ येतो, म्हणजे प्रमाण एकास सतरा. त्या प्रमाणात ४० फुटी कंटेनर किती होतो ते काढलं आणि कागदाकडे पाहतच राहिलो. लांबी ७१७ मिलिमीटर, म्हणजे ९० खुंट्या. रुंदी १४३, म्हणजे १८ खुंट्या. उंची १५२, म्हणजे १६ ठोकळे. तिन्ही आकडे केसभर फरकानं पूर्णांकात बसत होते. या कामात असा योग क्वचित येतो.

आता तुळई. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो, हे शाळेत शिकलो होतो. हाताला ते इथे कळलं. एक टेक्निक ठोकळा, त्यावर दोन पट्ट्या, त्यावर पुन्हा टेक्निक ठोकळा, अशी चळत केली. उंची २५.६ मिलिमीटर झाली. मूळ उंचीच्या अडीचपटीहून थोडी जास्त, म्हणजे ताठपणा हिशेबानं एकोणीसपट. आणि या चळतीत एक गुपित आहे. ९.६ मध्ये दोन पट्ट्यांचे ६.४ मिळवले की बरोबर १६ होतात, म्हणजे दोन खुंट्यांचं अंतर. त्यामुळे वरच्या आणि खालच्या ठोकळ्यांची भोकं अशा अंतरावर येतात, की तीन भोकांचा उभा दांडा दोन्हींवर पिननं चपखल बसतो. नुसत्या खुंट्यांवर ठेवलेली चळत भार आला की उकलते. उभ्या दांड्यानं शिवलेली उकलत नाही. ९० खुंट्यांच्या लांबीला १६ खुंट्यांचे ठोकळे जोडत जावे लागतात. ते गवंडी विटा रचतो तसे, खालचा सांधा वरच्या सांध्याखाली येऊ न देता. गंमत म्हणजे २५.६ ला १७ नं गुणलं तर ४३५ मिलिमीटर येतात. बायपासवरच्या ट्रेलरच्या तुळईशेजारी हात धरून पाहिलं, माप तेवढ्याच घरातलं वाटलं.

प्रमाण वजनाला मात्र लागू पडत नाही. २०१८ पासून आपल्या रस्त्यांवर घोडा, ट्रेलर आणि माल मिळून ५५ टनांपर्यंत मुभा आहे. सतराचा घन ४,९१३. त्यानं भागलं तर लहान ट्रकचं भरलेलं वजन ११ किलोच्या वर जातं. माझा सगळा संच याच्या निम्माही नाही, आणि प्लास्टिक पोलादाच्या तुलनेत फारच लवचीक. आकार वाढला की वजन घनानं आणि बळकटी वर्गानं वाढते, हे गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात मांडलं. छोट्या प्रतिकृतीला त्यानं दिलेली ही सवलतच. ती नसती तर ठोकळ्यांचा ट्रेलर उभाच राहिला नसता.

मोटरी ट्रकमध्ये असतात तशा ट्रेलरमध्येही लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो पुढच्या दोन पायांवर. घोडा सुटला की ट्रेलरचं नाक ज्यांवर टेकतं ते हे पाय. खऱ्या गाडीत क्लीनर बाजूचा दांडा फिरवून ते खाली उतरवतो. माझ्या ट्रेलरमध्ये एक लहान मोटर, तिच्या दांड्यावर वर्म गिअर, त्याला लागून २४ दात्यांचं चक्र, त्याच आसावर दोन्ही बाजूंना ८ दात्यांची छोटी चक्रं, आणि त्यांत अडकलेले दातेरी पट्टीचे पाय. मोटर रिकामी फिरताना मिनिटाला ४०० च्या आसपास फेरे घेते. वर्म एक पूर्ण फेरा घेतो तेव्हा चक्राचा एकच दाता पुढे सरकतो, म्हणून आस मिनिटाला फिरतो सोळा-सतरा वेळा. आठ दात्यांचं चक्र एका फेऱ्यात पट्टी २५ मिलिमीटर सरकवतं. वर्मचा आणखी एक गुण असा, की मोटर चक्राला फिरवू शकते, पण चक्र मोटरला उलटं फिरवू शकत नाही. मोटर बंद केली तरी पाय भाराखाली जागच्या जागी राहतात.

पण पाय टोकाला पोचला आणि मोटर चालूच राहिली तर? दाते झिजतात किंवा दांडा पिळवटतो. यासाठी लेगोचं एक पांढरं २४ दात्यांचं चक्र आहे; ठरावीक जोरापुढे ते आतल्या आत घसरतं. त्याच्या अंगावरच २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असं कोरलेलं आहे. ते वर्मच्या अलीकडे, मोटरच्या बाजूला बसवलं तर उपयोग नाही, कारण पुढे वर्म जोर कित्येक पटींनी वाढवतो आणि घसरायच्या आधी काहीतरी मोडतं. पलीकडे बसवलं तर दाते वाचतात, पण ट्रेलरचं नाक जड असेल तर उभं असतानाच चक्र घसरून पाय हळूहळू आत जातात. हिशेब केला. आठ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ४ मिलिमीटर, म्हणजे खालच्या मर्यादेला सव्वासहा न्यूटन, साधारण ६४० ग्रॅम. चक्र पलीकडेच ठेवायचं आणि नाकावरचा भार ६०० ग्रॅमच्या आत आणायचा, असं ठरवलं. त्यासाठी सहा पेन्सिल सेलांची पेटी तीन अ‍ॅक्सलांच्या बरोबर वर नेली. ती पुढे असावी असं घोडा म्हणत होता, कारण त्याच्या मागच्या चाकांवर भार असला तर त्यांची पकड वाढते. पायांचं म्हणणं मी वरचढ ठरवलं, आणि आजही ते बरोबर होतं असं मला वाटतं.

वळणाचा प्रश्न निराळा. तीन अ‍ॅक्सल ओळीनं असले की वळताना टायर आडवे घासतात. खऱ्या गाडीचं रबर रस्त्यावर काळ्या रेघा ओढतं. माझा घोडा तर वळतच नव्हता, सरळ पुढे जायचा. म्हणून शेवटचा अ‍ॅक्सल वळता केला. किंगपिन म्हणून फुलीच्या काटछेदाचा दांडा वापरला आणि घोड्याच्या पाठीवर फुलीचंच भोक ठेवलं. त्यामुळे घोडा वळला की पिनही त्याच्याबरोबर वळते, आणि पिनेचा तो पीळ लांब दांड्यांनी मागे जाऊन शेवटची चाकं उलट्या बाजूला वळवतो. खरी किंगपिन ५०.८ मिलिमीटरची, माझ्या प्रमाणात ३ मिलिमीटर. लेगोचा ३.२ चा गोल दांडा मापात जवळजवळ तंतोतंत होता, तरी मी जाड फुलीचा घेतला. तिथे मापापेक्षा काम मोठं होतं.

सुटे भाग हे आपल्याकडचं खरं दुखणं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शंभर पिना परदेशातून मागवायच्या म्हटलं तरी दोनदा विचार करावा लागतो. म्हणून आधी संगणकावर जुळणी करतो. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये एलड्रॉ ही प्रणाली लिहिली. त्यात खुंटीचं अंतर २० एकक, ठोकळ्याची उंची २४, पट्टीची ८. सगळे पूर्णांक, त्यामुळे तुकडा बसतो की नाही ते पडद्यावरच स्वच्छ दिसतं. वजन आणि झोल मात्र पडद्यावर दिसत नाहीत. जेसिमन १९९७ मध्ये फार तरुण वयात गेले. त्यांची ती आकडेमोड आजही जगभर वापरात आहे, आणि जबलपुरातल्या माझ्या टेबलावरही.

कंपनी स्वतः मोठे ट्रक काढते. २०१५ चा मर्सिडीज अरोक्स २,७९३ तुकड्यांचा होता, क्रेनसकट, हवेच्या पंपासकट. त्याच्या मुख्य रचनेत ट्रेलर नव्हता. मला त्याचं वाईट वाटतं. ट्रक स्वतःपुरता असतो, ट्रेलरला मात्र ओढणाऱ्याचा, लादलेल्याचा आणि रस्त्याचा असा तिघांचा विचार करावा लागतो, आणि मुलांच्या हाती तोच द्यायला हवा.

गेल्या दिवाळीत तो पुरा झाला. जुन्या रिमोटचे किरण गच्चीवरच्या उन्हात पोचत नाहीत, म्हणून सतरंजी काढून हॉलमध्येच चालवला. पाठीवर चार किलोचा तांदूळ ठेवला. पाठ सरळ राहिली. मग तांदूळ उतरवला आणि बटण दाबलं. पाय १७ मिलिमीटर खाली आले, फरशीला टेकले, मोटरचा आवाज जरा जड झाला, आणि नाक ८ मिलिमीटर वर उचललं गेलं. किंगपिन भोकातून सुटली. घोडा हळूच पुढे निघाला, दारापर्यंत गेला, वळला. मागे ट्रेलर त्याच्या दोन पायांवर उभा होता.