हलव्याला काटा येताना

दिवाळीचा फराळ संपत आला की बदलापुरातल्या काही घरांत संक्रांतीची कामं सुरू होतात. हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका पूर्वेलाही आहेत आणि पश्चिमेलाही. नव्या सुनेचा संच, जावयाचा संच, बाळाचा बोरन्हाणाचा संच. पुठ्ठा कापणं, जर लावणं, मणी ओवणं हे सगळं लवकर उरकावं लागतं, कारण परदेशातल्या नातवंडांसाठी जाणारी पार्सलं संक्रांतीच्या कितीतरी आधी निघतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी दागिना घरचा असतो, पण त्यावरचा हलवा मात्र बाजारातून किलोवर आणलेला. हलवा घरी करायचं काम मागे पडत चाललंय आणि मला त्याची हळहळ वाटते. तीळ, साखर, पाणी, थोडंसं दूध आणि मंद आच, एवढ्यावर होणारा हा पदार्थ आहे. शिवाय आपल्या गावची हिवाळी हवा त्याला अगदी मानवते.

आधी हवेचंच बोलू. पावसाळ्यात उल्हास नदीचं हे खोरं किती ओलं असतं, ते बदलापूरकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५चं पाणी आपण पाहिलंय, आणि जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेही. पण डिसेंबर उजाडला की वारा समुद्राकडून यायचा थांबतो आणि जमिनीकडून येऊ लागतो. तो कोरडा असतो. समुद्रापासून आत असल्यामुळे रात्रीचा पारा इथे मुंबईपेक्षा चांगलाच खाली येतो. जुन्या बायका 'थंडी पडल्याशिवाय हलव्याला काटा येत नाही' म्हणायच्या, त्यात तथ्य आहे. मात्र थंडीपेक्षाही कोरडेपणाचं महत्त्व जास्त. म्हणून पहाटे दव पडत असताना परात मांडू नये. ऊन वर आल्यापासून दुपार कलेपर्यंतची वेळ उत्तम, कारण हवेतला दमटपणा तेव्हा सर्वांत कमी असतो. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी काम सरळ बंद ठेवावं.

आता कृती. दोन मोठे चमचे पॉलिशचे पांढरे तीळ निवडून, कोरडेच हलके भाजून घ्यावेत. खसखस, साबुदाणा, बडीशेप, लवंग, भोपळ्याच्या किंवा कलिंगडाच्या बिया, काजूचे तुकडे यांवरही हलवा होतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याने तिळानेच सुरुवात करावी. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घालून उकळी आली की चमचाभर दूध घालायचं. साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती काढून पाक स्वच्छ फडक्यातून गाळायचा. मग एकतारी करायचा. हा पाक एका दिवसात संपत नाही. रोज लागेल तेवढाच कोमट करून घ्यावा, आणि घट्ट झाला तर पाण्याचा हबका देऊन पुन्हा तारेवर आणावा.

पाकात लिंबू मात्र पिळू नये. गुलाबजामच्या पाकात लिंबू घालायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते. आंबटाने साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि मग साखरेचे खडे नीट धरत नाहीत. गुलाबजामला तेच हवं असतं. हलव्याला नेमकं उलटं हवं असतं.

पूर्वी शेगडीवर कल्हईची पितळी परात ठेवून हलवा करत. आता गॅसच्या सर्वांत लहान शेगडीवर जाड तवा आणि तव्यावर स्टीलची परात ठेवली की आच सारखी लागते. परात हाताला सोसेल इतकीच गरम हवी. तीळ त्यात पसरून त्यावर अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दाणे आधी चिकटतात, गोळा होऊ पाहतात, मग कोरडे होऊन सुटे होतात आणि परातीत खळखळ वाजू लागतात. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. पाक वाढवून वेळ वाचवता येत नाही. पाक जास्त झाला की दाणे एकमेकांना धरतात, आच जास्त झाली की साखर पिवळी पडते, आणि हात फार जोरात चालला की आलेला काटा घासून निघून जातो. मधूनमधून सगळा ऐवज चाळणीतून काढावा. खाली पडलेला साखरेचा भुगा परातीत राहिला तर तो काट्यांच्या मधल्या जागा भरून टाकतो. भुगा पुन्हा पाकात घालावा, वाया काही जात नाही.

या कामाला तीन-चार दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. रात्री दाणे पातळ फडक्याखाली कोरड्या जागी ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा परात. पहिल्या दिवसानंतर तीळ नुसते पांढुरके दिसतात आणि मन खट्टू होतं. त्याचं कारण साधं गणित आहे. दोन चमचे तिळांवर दोन वाट्या साखर चढली की वजन सुमारे वीसपट होतं, पण दाण्याची जाडी तिपटीपर्यंतही जात नाही, कारण साखर सगळीकडून सारखी वाढावी लागते. दाणा जसा मोठा होतो तसा त्याचा पृष्ठभागही वाढतो आणि त्याच जाडीच्या थराला आधीपेक्षा जास्त पाक लागतो. शेवटचे दिवस म्हणूनच लांबतात.

आणि काटा? तो कुणी घडवत नाही, आपोआप येतो. दाण्यावर साखरेचा थर अगदी गुळगुळीत कधीच बसत नाही, कुठेतरी बारीकसा उंचवटा राहतो. दाणा गडगडताना परातीच्या ओल्या, गरम तळाला आधी तो उंचवटा टेकतो. पाक त्याला आधी लागतो आणि तिथेच आधी सुकतो. पुढच्या फेरीला उंचवटा आणखी उंच झालेला असतो, म्हणून पाकात पुन्हा त्याचाच पहिला वाटा. खोलगट भाग मागेच राहतो. थोडा पाक आणि शांत हात यांचा आग्रह एवढ्यासाठीच, कारण भरपूर पाक खोलगट भागातही शिरतो आणि दाणा गोल, गुळगुळीत होऊन बसतो. बाजारातला बिनकाट्याचा हलवा पाहिला की मला त्यात फक्त घाई दिसते.

या काट्याने जपानमधल्या एका भौतिकशास्त्रज्ञालाही खिळवून ठेवलं होतं. तिथे कोंपेइतो नावाची काटेरी साखरगोळी मिळते. शेजारी ठेवली तर आपण तिला हलवाच म्हणू. १५६९ साली लुईश फ्रोइश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीत भरून ती भेट दिली होती. जपानी कारागिरांनी मग ती स्वतः करायला घेतली. सुरुवातीला तीळ किंवा खसखस यांच्यावरच साखर चढवत. क्योतोमध्ये १८४७पासून चालत आलेलं एक दुकान आजही केवळ कोंपेइतोसाठी ओळखलं जातं. तिथे तिरप्या, फिरत्या, तापवलेल्या मोठ्या कढईत पाक थोडाथोडा घालत एक घाणा पुरा व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गोळीच्या काट्यांवर लिहिलं. सगळ्या बाजू सारख्याच असताना काही ठिकाणीच काटे का वाढावेत, हा त्याचा प्रश्न होता. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परातीशी बसलेल्या बायकांना हे दिसत असणारच, पण त्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही.

साखरेच्या आवरणाचाच, पण हलव्याच्या अगदी उलट असा एक प्रकारही पाहू. हल्ली मुलांच्या वाढदिवसांना काडीवरचं साखरेचं सफरचंद करायची हौस दिसते. अमेरिकेत सफरचंदांच्या हंगामात, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या सुमारास, ते घरोघरी करतात. लाल, काचेसारख्या आवरणाच्या सफरचंदाचं श्रेय न्यूअर्क शहरातल्या विल्यम कोल्ब या मिठाईवाल्याला आणि १९०८ या सालाला दिलं जातं. लोणी, दूध घातलेल्या मऊ कॅरॅमलचा प्रकार त्यानंतरचा. हलव्याशेजारी ठेवून पाहिलं तर गंमत कळते. लाल सफरचंदाचा पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात आणि साखरेचा खडा धरू नये म्हणून त्यात ग्लुकोज किंवा आंबट घालतात. हलव्याचा एकतारी पाक १०५ अंशांच्या जवळपास थांबतो आणि खडा धरण्यावरच त्याचं सगळं अवलंबून असतं. काचेसारखी साखर हवेतलं पाणी भराभर ओढते, खड्याची साखर त्यामानाने कितीतरी धीर धरते. हलवा महिनोन्‌महिने टिकतो आणि सफरचंद आपल्याकडे संध्याकाळपर्यंत चिकट होतं, ते यामुळे.

तरीही करायचं असेल तर बेताशीर आकाराचं, करकरीत सफरचंद घ्या. त्यावरचं मेण गरम पाण्याने चोळून काढा आणि फळ पूर्ण कोरडं करा, नाहीतर पाक घसरतो. सजावटीला शेंगदाण्याचा कूट, भाजके तीळ, किसलेलं सुकं खोबरं आवरण ओलं असतानाच लावायचं. ते त्याच दिवशी खा, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा. २०१४ साली अमेरिकेत तयार कॅरॅमल सफरचंदांतून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली आणि ३५ जण आजारी पडले. काडी टोचली की फळाचा रस साल आणि कॅरॅमल यांच्या फटीत येतो आणि बाहेरच्या उबेत जिवाणू तिथे वाढतात, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं.

हलव्याकडे परत येऊ, कारण दागिने राहिले. सुनेसाठी मंगळसूत्र, हार, बांगड्या, बाजूबंद, कर्णफुलं, नथ, बिंदी, कंबरपट्टा. जावयासाठी हार, अंगठी, घड्याळ आणि हलव्याने मढवलेला नारळ. बाळासाठी मुकुट, बासरी, वाळे. काळ्या चंद्रकळेवर पांढरा हलवा जितका उठून दिसतो तितका रंगीत कधीच दिसत नाही, हे माझं ठाम मत आहे. रंग हवाच असेल तर शेवटच्या दिवसांच्या पाकात केशर खलून घालावं. दाण्याला भोक पाडायला जाऊ नये, तो फुटतो. दुहेरी दोऱ्यात दाणा धरून दोन्ही बाजूंना गाठ मारायची. लांबट दाणे त्याला सोयीचे, म्हणून दागिन्यांसाठी थोडा हलवा लवंगेवर किंवा भोपळ्याच्या बियांवर जरूर करावा. पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेला हलवा पुन्हा खाण्यात येऊ देऊ नये. कित्येक घरी हौसेने दागिन्यावरचे दाणे काढून मुलांच्या हातावर ठेवतात, ते टाळावं.

बोरन्हाणाबद्दलही एक आग्रहाने सांगायचं आहे. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे यांच्याबरोबर हलवा ओततात आणि लूट करायला बिल्डिंगमधली सगळी पोरं जमतात. हलव्याचा दाणा टणक आणि बारीक असतो. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात तो किंवा शेंगदाणा अडकू शकतो. बाळावर नुसते चुरमुरे ओतावेत आणि हलवा मोठ्या मुलांच्या वाटीत द्यावा. सोहळ्यात त्याने काही उणं पडत नाही.

यंदा करायचं असेल तर तीळ, साखर आतापासून आणून ठेवा आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परात मांडा, म्हणजे ढगाळ दिवस मध्ये आले तरी संक्रांतीपर्यंत हातात वेळ राहील. तयार हलवा पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायचा. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, कारण बाहेर काढताच त्यावर दंव जमतं आणि काटे विरघळतात. बरणी मे संपेपर्यंत बिनघोर चालते. जूनमध्ये पाऊस लागायच्या आत मात्र ती रिकामी करावी.