प्रतिमा आणि माणूस : सोलापूरचीं दोन उदाहरणें

सोलापूरचें नांव निघालें म्हणजे चादरी, शेंगांची चटणी आणि सिद्धेश्वराची यात्रा हीं प्रथम आठवतात. परंतु याच शहरांत बावीस वर्षांच्या अंतरानें अशा दोन व्यक्ति जन्मास आल्या कीं, त्यांचीं लोकांच्या मनांतील रूपें खरीं कीं त्या रूपांमागचीं माणसें खरीं, असा संभ्रम पडावा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 सालचा. चित्रपटनटी शशिकला यांचा 1932 सालचा. एकास लोकांनीं देवपदास नेऊन बसविलें, तर दुसरीच्या वाट्यास चित्रगृहांतील अंधारांतून शिव्याशाप आले. हीं रूपें कशीं घडलीं आणि त्यांच्या आड माणसें कोण होतीं, हें पाहिलें म्हणजे प्रसिद्ध व्यक्तींविषयीं मत बनवितांना आपण कोठें चुकतों, हें ध्यानांत येतें.

शशिकलाबाईंचें माहेरचें आडनांव जवळकर. बाळपण सुखांत गेलें. पांचव्या-सहाव्या वर्षापासून सोलापूर जिल्ह्यांतल्या गांवोगांवीं नाचगाण्याचे व अभिनयाचे कार्यक्रम करण्यांत ही मुलगी रमलेली असे. पुढें वडिलांचें दिवाळें निघालें आणि आतां या मुलीच्या गुणांवरच घर तरेल, अशा आशेनें कुटुंब मुंबईस आलें. स्टुडिओंचे उंबरे झिजवितां झिजवितां नूरजहाँ या विख्यात गायिका-नटीची दृष्टि तिच्याकडे वळली आणि 1945 सालच्या 'झीनत' चित्रपटांतील एका कव्वालींत तिला स्थान मिळालें. मोबदला होता 25 रुपये. 1953 सालीं व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता'मध्यें त्या दिसल्या. 1959 सालीं बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्यें त्यांनीं पोरक्या नायिकेवर सख्ख्या बहिणीप्रमाणें माया करणारी मुलगी उभी केली.

यानंतर दोन वर्षांत दोन चित्रपट आले आणि सारें चित्र पालटलें. 1962 च्या 'आरती'मध्यें घरांत कलागती लावणारी स्त्री, आणि 1963 च्या 'गुमराह'मध्यें दुसरीचें गुपित हातीं धरून तिला छळणारी स्त्री, अशा दोन भूमिका त्यांनीं इतक्या समरसतेनें केल्या कीं, दोन्ही कामांबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. पण ज्या यशानें पारितोषिक दिलें त्यानेंच कपाळावर एक शिक्काहि मारला. 1966 च्या 'अनुपमा'मध्यें त्यांनीं अल्लड, निर्मळ मनाची मैत्रीण रंगविली खरी. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणांत राहिली ती कारस्थानी शशिकलाच. हीच बाई पुढें मदर तेरेसा यांच्या संस्थेंत कांहीं वर्षें रुग्णांची व निराधारांची सेवा करीत राहिली. 2007 सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि 4 एप्रिल 2021 रोजीं, वयाच्या 88 व्या वर्षीं, मुंबईस त्यांचें निधन झालें. पडद्यावर ज्या हातांनीं दुसऱ्याच्या सुखांत विष कालविलें, त्याच हातांनीं रुग्णाच्या अंथरुणापाशीं बसून शुश्रूषा केली. हात एकच, पाहणाऱ्यास दिसले ते मात्र पहिलेच.

प्रेक्षक कांहीं खुळे नसतात. नाटक हें नाटक आहे, हें लहान मुलासहि कळतें. मग कळूनहि मन असें कां फसतें? याचें एक कारण चित्रपटाच्या तंत्रांतच आहे. पडद्यावर मुखाचें समीपदृश्य येतें तेव्हां तो चेहरा भिंतीएवढा होतो. शेजारणीचा चेहरा आपण वर्षानुवर्षें पाहतों, पण इतक्या निकटून, इतका वेळ टक लावून कधींच पाहत नाहीं. त्यामुळें नटीशीं आपली जुनी ओळख आहे असें वाटूं लागतें. ही ओळख एकाच बाजूची असते. आपण तिला ओळखतों, ती आपणांस ओळखत नाहीं. अमेरिकेंतील हॉर्टन व वोल या दोन अभ्यासकांनीं 1956 सालीं या एकतर्फी जवळिकीचें प्रथम सविस्तर विवेचन केलें. नभोवाणी, चित्रपट व दूरचित्रवाणी यांमुळें ही जवळीक कोट्यवधि घरांत शिरली. आतां तर हातांतल्या दूरध्वनीवर नटाचा चेहरा अंथरुणापर्यंत येतो, आणि हा भास अधिकच गडद होतो.

दुसरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. 1967 सालीं जोन्स व हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांच्या बाजूनें किंवा विरुद्ध लिहिलेले निबंध त्यांनीं वाचावयास दिले. लेखकाला कोणती बाजू मांडावयाची हें नेमून दिलें होतें, त्याला निवड नव्हती, असें स्पष्ट सांगितलें तरीहि वाचणाऱ्यांचा कल, लेखकाचें खरें मतहि थोडेंफार तसेंच असावें, असें मानण्याकडे होता. दुसऱ्याचें वर्तन पाहतांना आपण त्याच्या स्वभावाकडे अधिक व त्याच्या परिस्थितीकडे कमी पाहतों, हें तात्पर्य. नट तर सर्वस्वीं नेमून दिलेलेंच बोलत असतो. लेखणी एकाची, आज्ञा दुसऱ्याची, दिव्यांची योजना तिसऱ्याची. आणि दोष मात्र ज्याचा चेहरा दिसला त्याचा.

तिसरें कारण धंद्याचें. अडीच-तीन तासांच्या कथेंत प्रत्येक पात्राचा स्वभाव उलगडून दाखविण्यास अवधि नसतो. ओळखीचा 'दुष्ट' चेहरा दारांत उभा केला कीं निवेदनाचा श्रम वाचतो, आणि प्रेक्षकहि सावरून बसतो. म्हणून एकदां गाजलेली भूमिका निर्माता पुनः पुनः त्याच व्यक्तीस देतो. ललिताबाई पवार एके काळीं नायिकेचीं कामें करीत. 1942 सालीं 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणाच्या वेळीं सहकलाकाराची चपराक वर्मीं लागली, चेहऱ्यास अर्धांगाचा विकार झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. प्रदीर्घ औषधोपचारानंतर त्या परत आल्या. पण आतां तोच अधू डोळा कजाग सासूची खूण ठरला. एका अपघाताची जखम लाखो प्रेक्षकांनीं दुष्टपणाचें चिन्ह म्हणून वाचली. त्याच ललिताबाईंनीं 1959 च्या 'अनाडी'मध्यें वरून फटकळ व आंतून मायाळू अशी घरमालकीण रंगवून पारितोषिक मिळविलें, तरी घरोघरीं त्यांचें नांव सासूच्या जाचाशींच जोडलेलें राहिलें.

मराठी पडद्यावरील निळूभाऊ फुले यांची गोष्टहि अशीच आहे. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेंत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत वाढलेला हा कलावंत 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून आणि 1975 च्या 'सामना'पासून बेरकी, लंपट, सत्तांध गांवपुढाऱ्याचें मूर्तिमंत रूप झाला. खेडोपाडीं स्त्रिया त्यांस पाहून बिचकत. प्रत्यक्षांत मात्र साधी राहणी, मवाळ बोलणें आणि अंधश्रद्धानिर्मूलनासारख्या चळवळींना आयुष्यभर दिलेली साथ, ही त्यांची ओळख होती. 2009 सालीं ते निवर्तले तेव्हां चित्रपटरसिकांइतकेच चळवळींतले कार्यकर्तेहि हळहळले.

येथें एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. अशीं उदाहरणें ऐकून, पडद्यावर जो दुष्ट तो घरीं साधु, असा उलटा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. तोहि एक सांचाच होय. भूमिकेवरून माणूस कळत नाहीं, याचा अर्थ भूमिका उलटी केली कीं माणूस कळतो असा नव्हे. शशिकलाबाई किंवा निळूभाऊ यांच्याविषयीं जो आदर वाटावयाचा तो त्यांनीं पडद्याबाहेर वर्षानुवर्षें जें केलें त्यावरून. पडद्यावर ते वाईट दिसले म्हणून नव्हे.

प्रत्यक्ष भेटीचा पुरावाहि वाटतो तेवढा भक्कम नसतो. कोणा प्रसिद्ध गृहस्थास स्टेशनावर चाहत्यांनीं गराडा घालावा. त्याची गाडी सुटण्याची वेळ झालेली असावी, रात्रीचें जागरण झालेलें असावें, घरीं कोणी आजारी असावें. त्यानें सही देण्याचें नाकारलें कीं चाहता घरीं येऊन सांगतो, 'प्रत्यक्षांत फार गर्विष्ठ आहे हो!' ही गोष्ट दहा घरीं जाते आणि जुन्या प्रतिमेच्या जागीं नवी प्रतिमा उभी राहते. पांच मिनिटांच्या भेटींत दिसलेली परिस्थिति येथेंहि स्वभावाच्या खात्यावर मांडली जाते. उलट, सभेच्या व्यासपीठावर हंसतमुखानें हार घेणारा मनुष्य घरच्या गड्यामाणसांशीं कसा वागतो, हें त्या हंसण्यावरून कळत नाहीं. पडद्यावर पाहणें आणि एकदां भेटणें, दोन्ही ओझरतींच दर्शनें.

निंदेच्या आवरणाखालीं माणूस जसा झांकला जातो तसाच तो स्तुतीच्या आवरणाखालींहि झांकला जातो. सोलापूरचें दुसरें उदाहरण याचेंच. डॉ. कोटणीस यांनीं मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण घेतलें. 1938 सालीं जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यास राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, त्यांत ते होते. 1939 सालीं ते येनानला पोंचले व आठव्या मार्ग-सेनेबरोबर आघाडीवर काम करूं लागले. पित्याच्या मृत्यूची वार्ता परदेशांतच त्यांस कळली. तरी अंगीकारलेलें काम टाकून ते परतले नाहींत. 1941 सालीं बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याच वर्षीं कुओ छिंग्-लान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजीं, अवघ्या 32 व्या वर्षीं, अपस्माराच्या विकारानें त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हां चार महिन्यांचाहि नव्हता.

सामान्य जनांना ही कथा ठाऊक झाली ती 1946 सालच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या चित्रपटानें. शशिकलाबाईंना पुढें पडद्यावर आणणाऱ्या शांतारामबापूंनींच तो दिग्दर्शित केला आणि डॉक्टरांची भूमिकाहि स्वतः केली. चित्रपटास नाट्य हवें असतें. म्हणून त्यांत प्लेगच्या साथीशीं झुंज आहे, जपान्यांच्या हातीं सांपडणें व निसटणें आहे. या चित्रपटाचे उपकार लहान नाहींत. त्याच्यावांचून कोटणीसांचें नांव कितीशा घरांत पोंचलें असतें? पण खऱ्या कोटणीसांचें शौर्य निराळ्या जातीचें होतें. युद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत सलग 72 तास शस्त्रक्रिया करणें, चिनी भाषा लिहावयास-वाचावयास शिकणें, त्या भाषेंत विद्यार्थ्यांना शल्यविद्या शिकविणें, त्यांच्यासाठीं पाठ्यपुस्तक लिहावयास घेणें, आणि प्रकृति साथ देत नसतांना दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामास उभें राहणें, हें सारें कंटाळवाणें, थकविणारें आणि टाळ्यांवांचूनचें शौर्य होय. तें दाखवावयास पडदा अपुरा पडतो.

आणि नेमकें हेंच हरवलें म्हणजे हानि आपली होते. कैदेंतून निसटणाऱ्या वीरास आपण नमस्कार करतों आणि घरीं जातों. कारण त्याचें अनुकरण आपल्या आवांक्यांतलें नसतें. परंतु परकी भाषा चिकाटीनें शिकणारा, आपली विद्या पुढच्या पिढीस हातीं धरून देणारा तरुण डॉक्टर हा सोलापूरच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास अनुकरण्याजोगा आहे. देव्हाऱ्यांत बसविलेला माणूस पूजेस चालतो, वाट दाखविण्यास चालत नाहीं.

तेव्हां प्रसिद्ध माणसाची पारख करावी तरी कशी? कसोटी आपल्या घरांतलीच आहे. सून निवडतांना किंवा नोकर ठेवतांना कोणी एका भेटींतील गोड बोलण्यावर विसंबत नाहीं. चार ठिकाणीं चौकशी करतात, हाताखालच्या माणसांस विचारतात, अडचणीच्या वेळीं तो कसा वागला तें पाहतात. जें वर्तन दीर्घकाळ टिकलें, ज्यांत लाभ नव्हता, आणि ज्याचे साक्षीदार त्या माणसावर अवलंबून असलेले दुबळे लोक आहेत, तें वर्तन माणसाचें खरें वर्तन समजावें. एवढा पुरावा हातीं नसेल तर मत राखून ठेवावें. हा संयम नटनट्यांपुरताच उपयोगाचा नाहीं. मत मागावयास येणारा पुढारी, प्रवचनकार, जाहिरातींतून औषध सुचविणारा प्रसिद्ध खेळाडू, हे सर्व आपल्या दारीं प्रतिमेच्या रूपानेंच येतात. आणि तेथें चुकल्याची किंमत कुटुंबाला, कधीं कधीं देशालाहि, मोजावी लागते.

सोलापूरच्या भैय्या चौकांतील कोटणीसांच्या घरीं 2012 सालीं स्मारक उभें राहिलें आहे. तेथें जाणाऱ्यानें चित्रपटांतला वीर क्षणभर बाजूस ठेवून त्या घरांतून वैद्यक शिकावयास मुंबईस गेलेल्या मुलाचा विचार करावा. आणि एखादे सायंकाळीं जुन्या चित्रपटांत शशिकलाबाईंची ती तिरपी नजर दिसली, तर तिच्या अभिनयास मनमुराद दाद द्यावी. राग मात्र पडद्यावरील पात्रापाशींच ठेवावा, त्या बाईपर्यंत नेऊं नये.